अल्बर्टाचे तेल आणि सत्तेच्या दीर्घ पाळ्या

कॅनडाच्या पश्चिम भागातला अल्बर्टा प्रांत १ सप्टेंबर १९०५ रोजी अस्तित्वात आला. तेव्हापासून २०१५ पर्यंतच्या ११० वर्षांत तिथे चारच पक्षांनी राज्य केले: लिबरल, युनायटेड फार्मर्स, सोशल क्रेडिट आणि प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह. सत्ता गेल्यावर यांपैकी एकही पक्ष पुन्हा सत्तेवर आला नाही. दोन पक्षांनी आलटूनपालटून राज्य करायचे आणि विरोधी बाकांवर बसणाऱ्यांनी उद्याच्या सरकारची तयारी करायची, ही संसदीय रीत तिथे रुजली नाही. या राजकारणाची मुळे तेलाच्या आधीची आहेत, पण ते दीर्घकाळ टिकले ते तेलाच्या पैशावर.

प्रांताच्या जन्मातच एक तक्रार होती. पूर्वेकडच्या जुन्या प्रांतांना आपल्या जमिनीवर आणि खनिजांवर हक्क होता. अल्बर्टाची जमीन मात्र वसाहतींसाठी आणि रेल्वेसाठी हवी म्हणून ऑटावाच्या केंद्र सरकारने आपल्याच हाती ठेवली. पंचवीस वर्षे भांडल्यावर १९३० मध्ये करार झाला आणि नैसर्गिक संपत्ती प्रांताकडे आली. आज अल्बर्टातले सुमारे ८१ टक्के खनिज हक्क प्रांत सरकारचे आहेत. पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली या करारात आहे. तेल सापडले तेव्हा सरकार केवळ कर गोळा करणारे नव्हते, जमिनीखालच्या तेलाचे मालकच होते.

लिबरल पक्षाला १९२१ मध्ये शेतकऱ्यांच्या संघटनेने घालवले. युनायटेड फार्मर्स ऑफ अल्बर्टाने ६१ पैकी ३८ जागा जिंकल्या, तेव्हा मुख्यमंत्री कोण होणार हेही ठरलेले नव्हते. संघटनेचे अध्यक्ष हेन्री वाइज वूड यांनी ते पद नाकारले आणि हर्बर्ट ग्रीनफिल्ड मुख्यमंत्री झाले. पक्षीय राजकारण हाच रोग आहे, असे मानणारी ही संघटना होती. महामंदीने तिचाही बळी घेतला. गव्हाचे भाव कोसळले, शेते बँकांकडे गहाण पडली आणि विल्यम अ‍ॅबरहार्ट हे कॅलगरीचे शाळा मुख्याध्यापक आणि धर्मोपदेशक रेडिओवरून लोकांशी बोलू लागले. बाजारात माल आहे पण लोकांच्या हाती पैसा नाही, म्हणून सरकारने प्रत्येक प्रौढाला दरमहा २५ डॉलरचा लाभांश द्यावा, हे त्यांच्या सोशल क्रेडिट मताचे सार होते. २२ ऑगस्ट १९३५ च्या निवडणुकीत या पक्षाने ६३ पैकी ५६ जागा घेतल्या आणि युनायटेड फार्मर्सचा एकही आमदार निवडून आला नाही.

लाभांश कधीच मिळाला नाही. सरकारने १९३६ मध्ये रोख्यांची परतफेड थकवली, स्वतःची प्रमाणपत्रे चलन म्हणून काढून पाहिली, बँकांना आणि वृत्तपत्रांना वेसण घालणारे कायदे केले. त्यांतले काही केंद्राने रद्द केले, काही १९३८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकले नाहीत. याच सरकारने आणलेला दोन टक्के विक्रीकर वर्षभरात मागे घ्यावा लागला. त्यानंतर अल्बर्टात प्रांताचा विक्रीकर आजतागायत आलेला नाही.

मतदार असे एकाच दिशेने का झुकतात, याचा विचार राज्यशास्त्रज्ञ सी. बी. मॅकफर्सन यांनी १९५३ च्या ‘डेमोक्रसी इन अल्बर्टा’ या पुस्तकात केला. त्यांच्या मते हा स्वतंत्र लहान उत्पादकांचा समाज होता आणि पूर्वेकडच्या बँका, रेल्वे, कारखानदार यांच्यापुढे तो वसाहतीसारखा अवलंबून होता. अंतर्गत भेदांपेक्षा बाहेरच्याशी असलेला झगडा मोठा, म्हणून सगळ्यांचा मिळून एकच पक्ष. हे विवेचन आजही वाचण्यासारखे आहे, पण ते अपुरे आहे. निवडणूक पद्धतीने चित्र फुगवले, हे त्यात पुरेसे येत नाही. उदाहरणार्थ, १९७९ मध्ये विजयी पक्षाला सुमारे ५७ टक्के मते पडली आणि ७९ पैकी ७४ जागा मिळाल्या. उरलेली ४३ टक्के मते विधानसभेत जवळपास दिसलीच नाहीत.

तेलाची पहिली चाहूल १४ मे १९१४ रोजी कॅलगरीच्या नैर्ऋत्येला टर्नर व्हॅलीत लागली होती. त्या उन्हाळ्यात शहरात शेकडो तेल कंपन्या निघाल्या आणि बहुतेक कागदावरच विरून गेल्या. पुढे या खोऱ्यात नॅफ्था काढून घेऊन उरलेला वायू वर्षानुवर्षे जाळून टाकला गेला. ही नासाडी थांबवण्यासाठी १९३८ मध्ये प्रांताने पेट्रोलियम संरक्षण मंडळ नेमले. तेल उद्योगाला नियम घालून देण्याचा अनुभव सरकारला असा मोठ्या साठ्याच्या आधीच मिळाला होता.

मोठा साठा लागला तो १३ फेब्रुवारी १९४७ रोजी. इम्पीरियल ऑइल कंपनीने १३३ कोरड्या विहिरी खणल्यानंतर एडमंटनजवळ लेड्यूक क्रमांक १ या विहिरीतून तेल उसळले. अ‍ॅबरहार्ट १९४३ मध्ये वारले होते आणि त्यांचे शिष्य अर्नेस्ट मॅनिंग मुख्यमंत्री होते. मॅनिंग यांनी जुने अर्थमत बाजूला ठेवले आणि कंपन्यांना भरवशाचे, काटकसरी सरकार दिले. त्यांची एक व्यवस्था विशेष दूरदर्शी होती. कंपनीला शोधासाठी दिलेल्या क्षेत्रात तेल लागले, तर तिला निम्म्या भागाचाच पट्टा मिळे. उरलेला निम्मा भाग चौकटीचौकटीने सरकारकडे परत येई आणि त्याचा लिलाव होई. म्हणजे शोधाचा धोका कंपनीचा, पण शोधाने वाढलेल्या किमतीत प्रांताचा वाटा. रॉयल्टीत भर घालणाऱ्या या लिलावाच्या पैशातून रस्ते, शाळा, दवाखाने उभे राहिले. कर्जबुडवे म्हणून बदनाम झालेल्या सरकारने १९५७ मध्ये नागरिकांना २० डॉलरचा तेल लाभांशही वाटला. १९५९ मध्ये त्यांच्या पक्षाला ६५ पैकी ६१ आणि १९६३ मध्ये ६३ पैकी ६० जागा मिळाल्या.

पण याच तेलाने सोशल क्रेडिटचा पाया पोखरला. ज्या खेड्यांनी आणि छोट्या गावांनी हा पक्ष उभा केला तिथून माणसे कॅलगरी आणि एडमंटनकडे निघाली. भूगर्भतज्ज्ञ, अभियंते, वकील असा नवा मध्यमवर्ग तयार झाला. त्याला धर्मोपदेशकांचा पक्ष आपला वाटेना. पीटर लॉहीड या कॅलगरीच्या वकिलाने १९६५ मध्ये प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेतृत्व घेतले, तेव्हा विधानसभेत त्या पक्षाचा एकही आमदार नव्हता. मॅनिंग १९६८ मध्ये निवृत्त झाले आणि ३० ऑगस्ट १९७१ रोजी लॉहीड यांनी ७५ पैकी ४९ जागा जिंकल्या. मतांमधला फरक जेमतेम पाच टक्क्यांचा होता. तरी सोशल क्रेडिटचे ३६ वर्षांचे राज्य गेले ते कायमचे.

अल्बर्टाच्या इतिहासातला सर्वांत कर्तबगार कालखंड लॉहीड यांचाच. तेल प्रांताचे आहे, कंपन्या केवळ ते काढतात, ही भूमिका त्यांनी कृतीत आणली. जुन्या पट्ट्यांमध्ये रॉयल्टीची कमाल मर्यादा एक षष्ठांश होती. १९७३ च्या जागतिक तेलसंकटात भाव चढताच त्यांनी ती मोडून काढली आणि कंपन्यांचा रोष पत्करला. फोर्ट मॅकमरेजवळच्या तेलवाळूतला सिंक्रूड प्रकल्प १९७५ मध्ये बंद पडायच्या बेतात होता. तेव्हा केंद्राने १५ टक्के, अल्बर्टाने १० टक्के आणि ओंटारिओने ५ टक्के भागभांडवल घेऊन तो वाचवला. गरम पाण्याने वाळूतून तेल सुटे करण्याची पद्धतही सरकारी पैशावर चाललेल्या कार्ल क्लार्क यांच्या संशोधनातून आली होती. तेलवाळूचा उद्योग केवळ खासगी धाडसातून उभा राहिला, हा समज त्यामुळे खरा नाही.

१९७६ मध्ये स्थापन झालेला हेरिटेज सेव्हिंग्ज ट्रस्ट फंड ही त्यांची सर्वांत मोलाची कल्पना. तेल संपणारे आहे, म्हणून त्याच्या उत्पन्नाचा ३० टक्के भाग पुढच्या पिढ्यांसाठी बाजूला ठेवायचा. सुरुवातीला १.५ अब्ज डॉलर घातलेल्या या निधीतून वैद्यकीय संशोधनाला पैसा मिळाला, एडमंटनचे मोठे रुग्णालय उभे राहिले, धान्यवाहू रेल्वे वाघिणी घेतल्या गेल्या, इतर प्रांतांना कर्जेही दिली गेली.

याच काळात ऑटावाशी संघर्ष टोकाला गेला. केंद्राने १९७३ मध्ये देशातला तेलाचा भाव रोखला आणि निर्यातीवर कर बसवला. ओंटारिओ आणि क्वेबेकच्या ग्राहकांना स्वस्त तेल हवे होते आणि मतदारही तिथेच अधिक होते. १९८० मध्ये पिएर ट्रूडो यांचे लिबरल सरकार आले तेव्हा ओंटारिओच्या पश्चिमेला त्यांच्या पक्षाच्या दोनच जागा होत्या, त्याही मॅनिटोबात. २८ ऑक्टोबर १९८० रोजी या सरकारने राष्ट्रीय ऊर्जा कार्यक्रम जाहीर केला. त्यात भाव जागतिक पातळीखाली ठेवले, नवे कर लावले आणि केंद्राच्या ताब्यातल्या उत्तरेकडच्या व सागरी क्षेत्रांत शोध घेणाऱ्या कॅनेडियन कंपन्यांना अनुदाने दिली. दोनच दिवसांनी लॉहीड यांनी दूरदर्शनवरून उत्पादन टप्प्याटप्प्याने दररोज १,८०,००० पिंपांनी कमी करण्याची घोषणा केली. १ सप्टेंबर १९८१ रोजी तडजोड झाली. नैसर्गिक संपत्तीवरचा प्रांतांचा अधिकार १९८२ च्या राज्यघटनेत कलम ९२अ म्हणून नोंदला गेला, यात लॉहीड यांचा आग्रह मोठा होता.

या कार्यक्रमाने अल्बर्टाच्या राजकारणाला चाळीस वर्षे पुरेल इतका राग दिला. मात्र १९८० च्या दशकातली सगळी पडझड त्याच्या माथी मारणे इतिहासाला धरून नाही. १९८५ मध्ये केंद्रातल्या मलरोनी सरकारने कार्यक्रम मोडीत काढला आणि भाव मोकळे केले. लगेच १९८६ मध्ये जगातला तेलभाव कोसळला आणि तो मोकळा भाव अल्बर्टाला सोसावा लागला. लोकांची नोकरी, घर, बचत गेली होती. त्यांच्या मनात बाजारापेक्षा ऑटावाचे नाव कोरले गेले, आणि प्रांतातल्या प्रत्येक सत्ताधारी पक्षाला ते सोयीचे होते. निवडणुकीत लढायचे ते बाहेरच्या सरकारशी, म्हणून आतल्या सरकारचा हिशेब मागे पडत गेला.

हेरिटेज फंडाची आबाळ झाली ती अशीच, गाजावाजा न होता. १९८२ पासून निधीचे व्याज रोजच्या खर्चाकडे वळवले गेले, भरणा ३० वरून १५ टक्क्यांवर आला आणि १९८७ मध्ये तो पूर्ण थांबला. त्या वेळी निधीत सुमारे १२ अब्ज डॉलर होते. नॉर्वेने आपल्या तेलनिधीचा कायदा १९९० मध्ये केला, पहिला भरणा १९९६ मध्ये केला, आणि त्याची रक्कम आता एक हजार अब्ज अमेरिकी डॉलरच्या वर आहे. नॉर्वे सार्वभौम देश आहे, त्याचे कर दुसऱ्या कोणाकडे जात नाहीत, ही तफावत लक्षात घ्यायलाच हवी. तरीही तेलाचा पैसा वापरून कर कमी ठेवायचे आणि बचत सोडायची, हा निर्णय ऑटावाचा नव्हता. तो एडमंटनच्या विधानसभेत झाला. या प्रांताच्या इतिहासातली ही सर्वांत महाग चूक होय.

लॉहीड यांच्यानंतर आलेल्या डॉन गेटी यांच्या काळात तुटी साचत गेल्या. १९८९ मध्ये पक्ष जिंकला, पण गेटी स्वतःच्या मतदारसंघात हरले. त्यानंतर राल्फ क्लाइन आले. पक्ष तोच ठेवून नेता बदलायचा आणि मतदाराला सरकार बदलल्याचे समाधान द्यायचे, हे तंत्र त्यांनी सिद्ध केले. १९९३ मध्ये लिबरल पक्षाच्या ३२ जागांविरुद्ध ५१ जागा घेऊन त्यांनी खर्चात सुमारे २० टक्के कपात केली. परिचारिका आणि शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. १९९८ मध्ये कॅलगरीचे जनरल हॉस्पिटल सुरुंग लावून पाडले गेले. तेलवाळूवर खर्च वसूल होईपर्यंत एकच टक्का आणि नंतर निव्वळ नफ्यावर २५ टक्के रॉयल्टी, अशी सवलत १९९७ मध्ये लागू झाली. भाव चढले, २००४ मध्ये कर्जमुक्ती जाहीर झाली आणि २००६ च्या आरंभी प्रत्येक रहिवाशाला ४०० डॉलर मिळाले.

एड स्टेल्मॅक यांनी २००७ मध्ये रॉयल्टी वाढवायचे ठरवले, तेव्हा तेल कंपन्यांच्या वर्तुळातली नाराजी उजव्या बाजूच्या वाइल्डरोज पक्षाकडे वळली. डिसेंबर २०१४ मध्ये नेत्या डॅनिएल स्मिथ यांच्यासह त्या पक्षाच्या नऊ आमदारांनी पक्षांतर करून सरकारला बळ दिले. हा प्रकार मतदारांना रुचला नाही. तेलाचा भाव सहा महिन्यांत निम्म्याखाली आला होता आणि ५ मे २०१५ रोजी रेचेल नॉटली यांच्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाने ८७ पैकी ५४ जागा जिंकल्या. ४४ वर्षांची राजवट संपली. डाव्या विचारांच्या या सरकारने कार्बन कर आणला आणि तेलवाळूच्या उत्सर्जनावर मर्यादा घातली, पण रॉयल्टीला फारसा हात लावला नाही आणि तेलवाहिन्यांसाठी ऑटावाशी भांडणही तितक्याच नेटाने केले.

उजवे पक्ष २०१७ मध्ये युनायटेड कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणून एकत्र आले. जेसन केनी यांनी २०१९ मध्ये ६३ जागांनी सत्ता घेतली, कीस्टोन एक्सएल तेलवाहिनीत प्रांताचे दीड अब्ज डॉलर घातले, आणि २०२१ मध्ये अमेरिकेने परवाना रद्द केल्यावर त्यातले बहुतेक बुडाले. पक्षातूनच विरोध वाढून ते गेले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये स्मिथ मुख्यमंत्री झाल्या. केंद्राचे कायदे अमान्य करण्याचा दावा सांगणारा सार्वभौमत्व कायदा त्यांनी त्याच वर्षी केला. २०२३ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला ४९ आणि न्यू डेमोक्रॅटिक पक्षाला ३८ जागा मिळाल्या. एडमंटन एका बाजूला, ग्रामीण भाग दुसऱ्या बाजूला आणि निर्णय कॅलगरीच्या हाती, असे दोन सशक्त पक्षांचे चित्र त्यातून पुढे आले.

अर्थसंकल्पाचे तेलावरचे अवलंबित्व मात्र तसेच आहे. खनिज उत्पन्न २०१५-१६ मध्ये २.८ अब्ज डॉलर होते, ते २०२२-२३ मध्ये २५ अब्जांवर गेले. हेरिटेज फंड २०५० पर्यंत २५० अब्ज डॉलरवर नेण्याचे उद्दिष्ट सरकारने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केले, आणि पुढच्याच महिन्यात मांडलेल्या अर्थसंकल्पात ५.२ अब्ज डॉलरची तूट दाखवली.