जुहूची शिरगणती

तारीख 17 फेब्रुवारी 1881. दिवस मावळलाय आणि तुम्ही साष्टीच्या काठावर खाडीचं पाणी ओसरायची वाट बघत उभे आहात. ओहोटी लागली की धोतर गुडघ्यावर खोचायचं, कागदांचं बाड डोक्यावर घ्यायचं आणि चिखल तुडवत पलीकडे जायचं. पलीकडे जुहू. समुद्राला चिकटून पडलेली वाळूची लांबट पट्टी, भरतीला चहूकडून पाणी. पोर्तुगीज तिला जुवें म्हणत. आज रात्री ब्रिटिश हिंदुस्थानात सगळीकडे एकाच वेळी माणसं मोजायची आहेत. अशी ही पहिलीच खेप, आणि ही पट्टी तुमच्या वाट्याला आली आहे.

उत्तरेच्या टोकाला भंडारी, आगरी, कुणबी. पहिल्याच अंगणात तुमच्याकडे संशयाने बघितलं जातं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. तीन वर्षांपूर्वी, 1878 मध्ये, अबकारीचा नवा कायदा आला आणि ताडी काढायच्या प्रत्येक झाडावर कर वाढला. झाडं मोजून झाली, आता सरकार माणसं मोजायला आलंय. पुढे काय होणार हे भंडाऱ्याला कुणी सांगायला नको. कोयती कमरेलाच ठेवून तो विचारतो, "लिवून काय करनार?" तुमच्याकडे उत्तर नाही. तुम्ही नाव, वय, धर्म, जात, धंदा, जन्म कुठला ते लिहून घेता. लिहिता-वाचता येतं का, या रकान्यात घरामागून घर एकच शब्द येत राहतो.

पौर्णिमा होऊन तीन दिवस झालेत, त्यामुळे चंद्र उशिरा उगवतो. त्याच्या उजेडात दक्षिणेकडे निघा. तिथे वांद्र्याच्या बाजूला कोळी आहेत, शेती करणारे आहेत, पोर्तुगिजांच्या काळात ख्रिस्ती झालेली कुटुंबं आहेत. त्यांचं सेंट जोसेफ चर्च 1853 चं. पट्टी एका माणसाला पायी संपवता येते. आज रात्री जो इथे झोपला तो इथला, बाकी कुणी नाही. नियम सोपा आहे, पण पुढची दीडशे वर्षं जुहूच्या बाबतीत तो नेमका इथेच फसत जातो.

पन्नास वर्षं पुढे या. 26 फेब्रुवारी 1931. आता तुम्ही कोरड्या पायांनी येता. पट्टीवर शहरातल्या धनिकांचे बंगले उभे राहिलेत. जमशेटजी टाटांनी इथे जमीन घेतली होती, घर बांधलं होतं, मोठी वसाहत वसवायचा बेत होता. 1904 मध्ये ते गेले आणि बेत राहिला. बंगल्यांची दारं वाजवून बघा. बरीच कुलूपबंद. मालक हवा खायला येतो, झोपतो मलबार हिलवर. 1924 मध्ये तुरुंगातून सुटलेले गांधी दोन महिन्यांहून जास्त या किनाऱ्यावर राहिले, मोतीलाल नेहरू त्यांना भेटायला इथे आले, देशाचं अर्धं राजकारण या वाळूत झालं. पण ते साल शिरगणतीचं नव्हतं, त्यामुळे तुमच्या कागदांना त्याची खबर नाही.

यंदा जरा जपून. काँग्रेसने शिरगणतीवर बहिष्कार पुकारलाय, आणि शेजारच्या विलेपार्ल्यात गेल्याच वर्षी मिठाच्या सत्याग्रहाची छावणी होती. कोळीवाड्यात अर्धे बाप्ये होड्या घेऊन बाहेर. होड्यांतल्या माणसांची नोंद वेगळी. 1928 पासून इथे विमानांचं मैदान आहे, पण तिथे रात्री माणूस सापडायचा नाही. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात जेआरडी टाटा कराचीहून टपालाचं विमान इथेच उतरवतील.

जातीचा रकाना नीट भरा. स्वतंत्र भारताच्या जनगणनेत 2011 पर्यंत तो सगळ्यांसाठी असणार नाही.

1951 मध्ये फार थांबू नका. आदल्या वर्षीच जुहू बृहन्मुंबईत गेलंय, आणि शहराच्या तक्त्यात गावाची वेगळी ओळ लागत नाही.

28 फेब्रुवारी 2011, मध्यरात्रीच्या आत. आता एका रात्रीत सगळं उरकायची पद्धत नाही. घरांची मोजणी आधीच झाली आहे. आजची रात्र फक्त बेघरांची. भेळवाल्यांचे दिवे मालवलेत. संध्याकाळी या वाळूवर पाय ठेवायला जागा नव्हती, त्यातलं कुणीच तुमच्या यादीत येणार नाही. तुम्ही उरलेल्यांना हलवून उठवता. नाव, वय, गाव.

घरांची गंमत वेगळी. जनगणनेच्या लेखी कुटुंब म्हणजे एक चूल. जुहू-पार्ले स्कीममधल्या नटाच्या बंगल्यात राहणारा, मालकाच्याच स्वयंपाकघरातलं जेवणारा नोकर त्या कुटुंबात धरला जातो. मागच्या खोलीत स्टोव्हवर आपली खिचडी शिजवणारा वॉचमन मात्र वेगळं कुटुंब, एका माणसाचं. बायको-पोरं गावी. त्याची भोजपुरी तक्त्यात हिंदीखाली जाते. मुंबई उपनगर जिल्ह्यात त्या साली हजार पुरुषांमागे 860 स्त्रिया निघाल्या. हा आकडा वाचून मुलींच्या गर्भाचीच चिंता करणाऱ्यांनी या मागच्या खोल्यांतही डोकावायला हवं.

आणि जुहू किती? महापालिकेच्या वॉर्डांत शोधलंत तर मिळेल 'के पश्चिम': 7,48,688. त्यात अंधेरी पश्चिम आहे, वर्सोवा आहे, पार्ले पश्चिम आहे. देशभर ज्याचं नाव माहीत, त्या जुहूचा आकडा या बेरजेत विरघळलाय. भंडारी, आगरी, कोळी तर दोनदा विरघळले: आधी जातीचा रकाना गेला, मग गावाची ओळ.

आता 1 मार्च 2027. बाड नाही, मोबाईल आहे. लोक स्वतःची माहिती स्वतःही भरू शकतात. सोळा वर्षांनी मोजणी होते आहे आणि जात पुन्हा विचारली जाते आहे. भंडारी किती, कोळी किती, हे कळायची सोय झाली खरी, पण वाळूच्या पट्टीवरचे म्हणून वेगळे काढायला ओळ कुठे आहे? तो आकडा हवाच असेल तर सरकारी तक्त्याची वाट बघू नका. मोरागाव, जुहू तारा, कोळीवाडा. वही घेऊन निघालात तर एक-दोन रविवारांत होण्यासारखं काम आहे.