नाळ कुणी कापली?

माझ्या आजीनं आमच्या गावातली किती बाळंतपणं केली याचा हिशोब कुणाकडं नाही. ती अंगठाबहाद्दर. मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला आमचं गाव, आणि मांगवाडा ओढ्यापल्याड. रात्री-अपरात्री वरच्या आळीतून कंदील यायचा. "म्हातारे, चल, पोरगी अडलीय." आजी डोक्यावर इरलं घेऊन निघायची.

एरवी त्या घरात तिला पाणी वरून ओतत. त्या रात्री मात्र ती थेट बाळंतिणीच्या खोलीत. सुनेच्या पाठीमागं बसायची, तिला टेकू द्यायची, आढ्याला दोर बांधून उकिडवं बसवायची. नाळ कापायची, वार पुरायची, रक्ताचे कपडे धुवायची. मग सोयर फिटलं की घर सारवून शुद्ध, आणि आजी पुन्हा ओढ्यापल्याड. मोबदला म्हणजे पायलीभर भात नि जुनं लुगडं. मुलगा झाला तर वर नारळ.

हा इतिहास हुडकायला मी का लागलो ते सांगतो. मी भातगिरणीत हॉलरवर काम करतो. शाळा नववीपर्यंत. लाइट गेली की कोंड्याच्या पोत्यावर बसून वाचतो, कविता लिहितो. आणि माझ्या बायकोला आठवा लागलाय. झोप लागत नाही.

पहिलं नाव सापडलं आनंदीबाई जोशींचं. चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या, बाळ दहा दिवसांत गेलं. डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या, १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयाची पदवी घेतली, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. बावीस पुरी नव्हती. त्या बाईपुढं माझी मान खाली आहे. पण त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंचं प्रसूतिशास्त्र. 'आर्य' हा शब्द वाचला आणि मी थांबलो. अहो, गावोगावच्या आर्यांची बाळंतपणं करायला कंदील कुणाच्या दारात जात होता?

आता विटाळाचं ऐका. युरोपात व्हिएन्नाच्या इस्पितळात दोन बाळंतविभाग होते. एकात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात शंभरातल्या दहाएक बाया सूतिकातापानं मरत, सुइणींच्या विभागात तीन-चार. बाया पाया पडायच्या, आम्हाला सुइणींकडं घाला म्हणून. १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरच्या ध्यानात आलं की ही मंडळी मुडदे फाडतात आणि त्याच हातांनी बाळंतिणीला तपासतात. त्यानं क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले. मरणं धडाधड उतरली. तरी पुष्कळ डॉक्टरांनी मानलं नाही. सभ्य माणसाचा हात घाण असेलच कसा? सेमेलवाइस १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात मेला. आनंदीबाई जन्मल्या त्याच सालची ही गोष्ट.

म्हणून आजीचं नुसतं गुणगान गाऊन मी मोकळा होणार नाही. माझी आत्या तिच्याच हातावर गेली. पोर झालं, वार अडकली, रक्त थांबेना. पावसाळा होता. डोलीत घालून चौघं पौडच्या वाटेला लागले, आत्या वाटेतच संपली. आजीनं त्या दिवसापासून कंदिलाबरोबर जायचं सोडलं. आज बाळ बाहेर आल्याबरोबर ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात, त्यानं रक्त आटोक्यात राहतं. ते इंजेक्शन आजीच्या चंचीत नव्हतं. कुणी दिलंही नव्हतं.

दिलं असतं तर काय झालं असतं, ते जामखेडला दिसलं. १९७० पासून आरोळे पती-पत्नींनी तिथं खेड्यांतल्या बायका शिकवून तयार केल्या. त्यांत कितीतरी दलित, निरक्षर. हात-नखं स्वच्छ, नवं पातं, उकळलेला दोरा, आणि कुठली बाई घरी ठेवायची नाही याची पारख. १९७१ साली त्या भागात हजारामागं १७६ तान्ही मुलं मरत. वीसेक वर्षांत तो आकडा तिशीच्या आत आला. हात आमच्याच बायांचे होते.

मुळशीचा इतिहास म्हटला की लोक १९२१ चा सत्याग्रह सांगतात, सेनापती बापटांचं नाव घेतात. टाटांच्या धरणात खोरं बुडालं, माणसं डोंगराच्या अंगाला सरकली, दवाखान्याची वाट लांबली. वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. त्याच मुंबईत १९२८ साली कायदेमंडळात बाबासाहेबांनी बाळंतरजेच्या बिलाला पाठिंबा दिला. बाळंतिणीला विसावा देणं हे देशाच्या हिताचं आहे, असं त्यांनी सांगितलं. १९२९ साली कायदा झाला, कारखान्यातल्या बायांपुरता. २०१७ पासून ती रजा सव्वीस आठवड्यांची आहे. माझी बायको परवापर्यंत लावणीच्या चिखलात वाकत होती. तिची रजा कुणाच्या वहीत नाही.

आता सुईण गेली, सुरी आली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात सरकारी दवाखान्यांत शंभरातल्या १४ बाळंतपणांत सीझर, खासगीत ४७. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८५ सालीच म्हटलं होतं की दहा-पंधराच्या वर जायला कारण नाही. अडलेल्या बाईला सीझर जीवदान देतं, नाकारत नाही. पण खासगीचा उंबरा ओलांडला की निम्म्या बाया अडतात काय? कारण नसताना पोट फाडलं तर जखम पिकण्याचा धोका, आणि पुढच्या खेपेला वार भलत्या जागी चिकटण्याचाही. आणखी एक वाचलं आणि आजी आठवली. २६ अभ्यास, पंधरा हजारांवर बाया. कळा देताना सोबतीला सतत कुणी माणूस असेल तर जास्त बाया आपसूक मोकळ्या होतात.

एका खासगी दवाखान्यात आम्ही गेलो होतो. पहिल्याच भेटीत सीझरचा आकडा सांगितला. तिला काय पाहिजे ते विचारलं नाही. खरं सांगायचं तर तोवर मीही विचारलं नव्हतं. परतताना एस्टीत विचारलं. ती म्हणाली, "घरी नको, आत्याबाईंचं ऐकलंय मी. दवाखान्यातच. पण माझ्या आईला आत येऊ द्या म्हणावं. आन् उगाच कापू नका."

सरकारी दवाखान्यात नाव घातलंय. १०८ नंबर भिंतीवर खडूनं लिहून ठेवलाय. तारीख श्रावणातली आहे, आणि ओढ्यावर अजून पूल नाही.