सैगलच्या आत शेवटची भाकरी

मंद्रूपच्या आमच्या घरात सकाळी घड्याळाकडं कुणी बघत नसे. आठाला तीन मिनिटं कमी असताना रेडिओ सिलोनवर सैगल लागायचा, आणि त्याच्या आत अव्वाची शेवटची भाकरी तव्यावरून उतरलेली असायची. अव्वा म्हणजे माझी आज्जी. ती विजापूरकडची, माहेरची बोली कानडी, सासरी आल्यावर मराठी शिकली आणि आयुष्यभर दोन्हींची मिसळ बोलली. जुन्या सिनेमाची गाणी साडेसातला सुरू होत आणि त्यातलं शेवटचं गाणं रोज कुंदनलाल सैगलचं, हा सिलोनचा नेम होता. आज्जा सोप्यात मांडी घालून बसे. पुढ्यात ज्वारीची भाकर, शेंगाचटणी, तिच्यावर कच्चं तेल आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. सैगल सुरू झाला की हातातला घास हातातच राही. आम्ही पोरं दंगा करत असलो तर एवढंच म्हणे, "गप बसा बे, माणूस गालालाय."

आज्जा तरुणपणी सोलापूरच्या गिरणीत साच्यावर होता. विजापूर रस्त्यानं मंद्रूप ते सोलापूर पाऊणशे फर्लांगाच्या पुढंच, पण सुट्टीला तो कधी कुणाच्या गाडीत बसून, कधी चालत घरी येई. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा तो तिथंच होता. पुढं जानेवारी १९३१ मध्ये मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली, त्या दिवशी खोलीत चूल पेटली नाही, हे तो दर बारा जानेवारीला सांगायचा. त्यापुढचं मात्र फार बोलत नसे. मग विषय आपोआप गाण्यावर येई.

त्याच्या खोलीखाली एक चहाचं हॉटेल होतं आणि तिथं चावीचा फोनो. मालक सकाळी चावी भरायचा, पिन बदलायचा आणि अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी लावायचा. झिंझोटीतली 'पिया बिन नाही आवत चैन' ही ठुमरी. आज्जाला झिंझोटी वगैरे नाव तेव्हा ठाऊक नव्हतं. तो म्हणायचा, "आवाज असा की दुधात सुई बुडवावी." याचा अर्थ मला अजून पुरता लागलेला नाही, पण खाँसाहेबांचा तो बारीक, टोकदार, तरी कुठंही न बोचणारा सूर ऐकला की दुसरं काही म्हणवत नाही. खाँसाहेब उत्तरेतल्या किराण्याचे, पण राहायला मिरजेत. आमच्याकडं त्यांचा उल्लेख 'मिरजेचे खाँसाहेब' असाच व्हायचा, जणू ते पलीकडच्या आळीतले.

पुढं 'देवदास' आला. १९३६चा, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचा, बरुआंचा. आज्जानं तो सोलापुरात पाहिला. टॉकीजचं नाव तो दरवेळी वेगळं सांगायचा, आणि बरोबर कोण होतं तेही. एक गोष्ट मात्र कधी बदलली नाही. पडद्यावर सैगलनं तोंड उघडलं आणि आज्जा खुर्चीतून अर्धा उठला. ती हॉटेलातली ठुमरी! तीच, पण लहान केलेली, मुरक्या काढून टाकलेली, घरच्या माणसानं स्वतःशीच म्हणावी तशी. "खाँसाहेबांचं गाणं देवळातलं, अन् सैगलचं माजघरातलं," असं तो म्हणे. सैगलची ती ठुमरी खुद्द खाँसाहेबांनी ऐकली आणि त्यांना ती फार आवडली, अशी गोष्ट जुनी माणसं सांगत. आज्जा ती डोळ्यांनी बघितल्यासारखी सांगायचा. खाँसाहेब १९३७ मध्ये वारले. मद्रासकडच्या प्रवासात प्रकृती बिघडली म्हणून आडवाटेच्या स्टेशनावर उतरले आणि तिथंच गेले. त्यांना आणून मिरजेच्या मिरासाहेब दर्ग्यात ठेवलं.

याच ठुमरीची आणखी एक वाट आमच्या अंगणाजवळून जाते. खाँसाहेबांची तबकडी ऐकून गदगचं एक पोर गाण्यानं वेडं झालं आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, गुरू शोधायला घरातून निघून गेलं. विजापूर, पुणे, पार ग्वाल्हेर. खिशात पैसे नाहीत; डब्यातल्या लोकांना गाणी ऐकवायची आणि पुढं सरकायचं. ते पोर म्हणजे भीमसेन जोशी. आता गदग-विजापूरहून येणारी गाडी होटगीवरून सोलापूरला जाते, आणि होटगी आमच्या शेजारची. आज्जाचं म्हणणं असं, की एकदा त्या छोट्या गाडीत एक काटकुळं पोर गात होतं आणि त्यानं स्वतः त्याला अर्धी भाकरी दिली. साल विचारलं की तो गोंधळायचा. ते भीमसेनच होते की कुणी भिक्षेकरी पोर, हे कोण सांगणार? पण अव्वा ठामपणे म्हणे, "भाकरी मी बांधून दिली होती." एवढं पुरे.

म्हणूनच 'बसंत बहार' आमच्याकडं फार गाजला, आणि भलत्याच कारणानं. सिनेमा १९५६चा, पण आमच्याकडं जत्रेच्या तंबूत तो आला चांगलाच उशिरा. जमिनीवर तरटं, एका बाजूला बायका, एका बाजूला बाप्ये, मध्ये कनात. रीळ तुटलं की भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या. त्यात दरबारातली जुगलबंदी आहे. संगीत शंकर-जयकिशनचं, दरबारी गवयाचा आवाज भीमसेनांचा आणि नायक भारतभूषणचा आवाज मन्ना डेंचा. कथेप्रमाणं नायक जिंकतो. मन्ना डेंना हे कळलं तेव्हा त्यांचे पाय लटपटले. भीमसेनांना आपण हरवायचं, या कल्पनेनंच ते गाव सोडून जायला निघाले होते. बायकोनं समजूत घातली, मग त्यांनी नेटानं रियाज केला आणि ते उभे राहिले. स्वतः भीमसेनांनीही त्यांना मनापासून दाद दिली. ही हकिकत मन्ना डे पुढं मोठ्या आदरानं सांगत. आज्जाला यातलं काही माहीत नव्हतं. तो तंबूत उठून उभा राहिला आणि म्हणाला, "हे खोटं हाय! गदगचा माणूस असा हरंल व्हय?" मागच्यांनी त्याला ओढून खाली बसवलं. घरी येऊन तो त्या रात्री जेवला नाही, असं आत्या सांगते. अव्वा म्हणे, जेवला, पण कमी.

आत्यावरून आठवलं. तिच्या लग्नात सोलापूरचा बँड आणला होता आणि पाठवणीला क्लॅरिनेटवाल्यानं 'बाबुल मोरा' वाजवलं. भैरवीतली ही ठुमरी लखनौच्या वाजिद अली शाहची मानतात. १८५६ मध्ये इंग्रजांनी राज्य घेतलं आणि त्याला लखनौ सोडावं लागलं, त्या दुःखाशी ती जोडली जाते. १९३८च्या 'स्ट्रीट सिंगर'मध्ये सैगल ती चालता चालता गातो. आधी ध्वनिमुद्रण करून ओठ हलवायला त्यानं नकार दिला. तो गात चालला आणि माइक त्याच्या मागं मागं. अव्वाला हिंदी येत नव्हतं. वाजिद अली शाह तर स्वप्नातही नाही. पण क्लॅरिनेटचे चार सूर निघाले आणि तिनं पदर तोंडाला लावला. नंतर म्हणाली, आमच्याकडं पोरगी लावून देताना बायका कानडीत म्हणतात त्याचीच ही चाल आहे. लखनौचं दुःख तिनं सरळ विजापूरकडचं करून टाकलं.

मला यात काही चुकलंय असं वाटत नाही. आमच्या गावात कधी मैफल झाली नाही. तंबोरा मी पहिल्यांदा पाहिला तो कॅलेंडरवर. राग आमच्याकडं आला तो तंबूतून, हॉटेलातल्या भोंग्यातून, झाडाला बांधलेल्या कर्ण्यातून. १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणीचे मंत्री झाले. पुण्याचे, गाण्यातले जाणकार. लोकांनी शास्त्रीय संगीत ऐकावं म्हणून त्यांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केली. लोक सिलोनकडं वळले, आणि १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. पण ज्या वर्षी सिनेमाच्या गाण्यांना त्यांनी बाहेर काढलं त्याच वर्षी 'बैजू बावरा' आला होता, आणि त्यात नौशादनी अमीर खाँ आणि द. वि. पलुस्कर यांना समोरासमोर बसवून देसी राग गाऊन घेतला होता. मंद्रूपच्या माणसाला अमीर खाँ आणखी कुठं भेटणार होते? 'मुगल-ए-आझम'मध्ये बडे गुलाम अली खाँ गायले ते याच वाटेनं. त्यांनी नकार म्हणून एका गाण्याचे पंचवीस हजार मागितले आणि के. आसिफनी चटकन हो म्हटलं, ही गोष्ट तर गावच्या पारावरही ऐकायला मिळे.

आता १९७२. हे लिहायला हात जड होतो.

मी दहा वर्षांचा होतो. आमची काळी रानं, रब्बीची. पावसानं तोंड फिरवलं आणि मालदांडीचं कणीस त्या वर्षी डोळ्याला दिसलं नाही. विहिरीच्या तळाला उतरून वाटीनं पाणी भरायचं. दुष्काळी कामावर आत्या आणि आई खडी फोडायला जात. आम्हा पोरांना सुकडी मिळे, ती आम्ही खिशात घालून कोरडीच खात असू. रेशनला परदेशातली लाल मिलो. अव्वाच्या हातच्या भाकरीचं आख्ख्या आळीत नाव होतं, पांढरीशुभ्र, टम्म फुगणारी. मिलोची भाकरी थापतानाच चिरे. पहिल्या दिवशी ती तुटलेली भाकरी हातात घेऊन अव्वा कितीतरी वेळ चुलीपुढं बसली होती. तव्याचं आणि सैगलचं ते जुळलेलं घड्याळ त्या वर्षी बंदच पडलं. पीठच नसेल तर वेळेत कशाची भाकरी उतरायची!

त्याच दिवसांत ट्रान्झिस्टरवर 'गुड्डी'मधलं 'बोले रे पपीहरा' लागायचं. सिनेमा १९७१चा, वेल्लोरच्या वाणी जयराम यांचा नवा कोरा आवाज, राग मियाँ की मल्हार. त्या रागातल्या जुन्या बंदिशीच्या वळणावर वसंत देसायांनी ते बांधलेलं. हे देसाई कोकणातले. सोलापूरच्या शाहीर राम जोशींवरच्या १९४७च्या सिनेमालाही संगीत त्यांचंच. गाण्याच्या आधी निवेदकानं रागाचं नाव सांगितलं असावं, किंवा आज्जालाच कुणीतरी सांगितलं असेल. तो अव्वाला म्हणाला, "ह्या रागानं पाऊस येतो म्हणतेत."

अव्वा म्हणाली, "मग आवाज मोठा कर की."

त्यानं केला. शेजारच्या दोन बायका उंबऱ्यात येऊन बसल्या. खडी फोडून आलेली आत्या भिंतीला टेकली, हाताला फडकी बांधलेली. गाणं तीन-चार मिनिटांचं, संपलं. अव्वानं दाराबाहेर जाऊन आभाळाकडं पाहिलं आणि आत आली. "साकु," म्हणाली, म्हणजे पुरे, आणि बॅटरी संपू नये म्हणून ट्रान्झिस्टर बंद करायला लावला. पाऊस १९७३ साली आला. पहिल्या सरीला आज्जा अंगणात उभा राहून तेच गाणं म्हणत होता, बेसूर, मोठमोठ्यानं, आणि अव्वानं त्याला आत बोलावलं नाही.

कॉलेजात असताना मी त्याला एक नवी माहिती मोठ्या ऐटीत सांगितली होती. १९६१च्या 'छाया'मधलं तलत-लताचं जे गाणं तो गुणगुणायचा, त्याची सुरुवातीची चाल सलील चौधरींनी मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीवरून घेतलेली, आणि ती सिंफनी १७८८ सालची, व्हिएन्ना शहरातली. आज्जानं ऐकून घेतलं. म्हणाला, "असू दे की. तितंबी कुणाची तरी अव्वा भाकरी करत असंल." १९८५च्या 'अनकही'तल्या भजनांसाठी भीमसेनांना पार्श्वगायनाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, तेव्हा आज्जा नव्हता. मी अव्वाला सांगितलं. ती म्हणाली, "तंबूतलं फिटलं म्हणायचं."

काही वर्षांपूर्वी मिरजेला गेलो. दर्ग्यात खाँसाहेबांच्या कबरीजवळ थोडा वेळ बसलो. उरुसात तिथं दरवर्षी गवई हजेरी लावतात. मग सतारमेकरांच्या गल्लीत शिरलो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. दुकानादुकानांत वाळलेले मोठाले भोपळे रचलेले, काही कापलेले, काहींना गळे जोडलेले. भोपळे कुठले म्हणून विचारलं, तर कारागीर काम न थांबवता म्हणाला, "पंढरपूरकडचे." म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले, आमच्याच भीमेच्या पाण्यावरचे. मिरजेला गेलात तर त्या गल्लीत जरूर डोकवा, आणि एखाद्या भोपळ्यावर हलकेच बोट वाजवून बघा. कुणी रागावत नाही.