उधारीवर गेलेला बैल

सोनगीरच्या शेतकऱ्याला जवळचा मोठा बाजार धुळ्याचा. गुरांच्या बाजारात दात बघून झाले की रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. इसार हातावर पडतो, बाकी ‘पुढच्या बाजाराला’. त्याआधीच व्यापाऱ्याचं दिवाळं वाजलं तर?

1930 चा मालविक्री कायदा सांगतो, की पैसे चुकते होईपर्यंत विक्रेत्याला माल अडवता येतो. ताबा दिला की तो हक्क गेला. म्हणजे कासरा व्यापाऱ्याच्या हाती दिला की शेतकरी उरतो विनातारण धनको. 1920 चा नादारीचा कायदा त्याला सरकारी देणी आणि नोकरांचे पगार यांच्या मागे रांगेत उभं करतो.

आपल्याकडे कायद्याला शेतकरी दिसला तो कर्जदार म्हणून. 1875 साली सुप्याला सावकारांचे कागद जळले, 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. पण माल उधार देऊन तो स्वतःच व्यापाऱ्याचा बिनव्याजी सावकार होतो, त्याचं काय? त्यावरचा इलाज बाजारांच्या कायद्यांतून हळूहळू आला: वऱ्हाडात 1897, मुंबई इलाख्यात कापसापुरता 1927, मग 1939, आणि आजचा 1963 चा. या शेवटच्या कायद्यात गुरं-शेळ्याही आहेत. व्यापाऱ्याला परवाना, त्यापोटी अनामत किंवा बँकहमी. पण हमी ठरावीक, उधारी वाढती. आणि सौदा गोठ्यातच उरकला तर तीही नाही.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. 1975 साली ‘अमेरिकन बीफ पॅकर्स’ ही मांस कंपनी बुडाली आणि जनावरं विकणाऱ्यांच्या आधी कर्ज देणारे पुढे आले. पुढच्याच वर्षी कायदा बदलला: रोखीच्या सौद्यात घेतलेली पण पैसे न चुकवलेली जनावरं, त्यांचं मांस आणि विक्रीचा पैसा कंपनीने विक्रेत्यांचा विश्वस्त म्हणून सांभाळायचा. मधल्या व्यापाऱ्यांना मात्र हे लागू नव्हतं. 2010 साली ‘ईस्टर्न लाइव्हस्टॉक’ ही अशीच व्यापारी कंपनी कोसळली, तरी त्यांच्यापर्यंत ही तरतूद पोचायला 2020 चा डिसेंबर उजाडला.

त्याच 2020 साली नाशिक परिक्षेत्राचे पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी शेतकऱ्यांचे पैसे बुडवणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीम उघडली. धुळे-जळगाव याच परिक्षेत्रात. पैसे वसूल झाले, विशेषतः द्राक्षवाल्यांचे. जे काम बाजाराच्या कायद्याने करायचं, ते ठाण्यात झालं, हे मला खटकतं. शिवाय पोलिसांना फसवणूक दाखवावी लागते, नुसतं दिवाळं पुरत नाही. तोवर बैल तिसऱ्याच्या दावणीला असतो. त्याने सरळ मनाने पैसे मोजून घेतला असेल, तर त्याच्याकडून तो सोडवता येत नाही.