जोडलेली घड्याळे आणि अस्सलपणाचा हिशेब

जुनी मनगटी घड्याळे जमवणाऱ्यांच्या बोलण्यात 'जोडलेले' हा शब्द शिवीसारखा येतो. मशीन एका घड्याळाचे, डायल दुसऱ्याची, काटे तिसऱ्याचे. असे घड्याळ अस्सल नव्हे, हे धरूनच भावाची घासाघीस सुरू होते. घड्याळाच्या इतिहासात डोकावले की मात्र हे गृहीतक फार काळ टिकत नाही.

एकाच छपराखाली जन्मलेले घड्याळ ही कल्पनाच उशिराची. लँकेशायरमधल्या प्रेस्कॉट गावी घड्याळांची अर्धवट मशीन तयार होत. ती लंडनला, लिव्हरपूलला किंवा कॉव्हेंट्रीला जाऊन पुरी होत आणि वर नाव कोरले जाई ते पुष्कळदा विकणाऱ्याचे. स्वित्झर्लंडच्या ज्युरा डोंगरात घरोघरी एकेक भाग बनत असे आणि व्यापारी ते गोळा करून जोडून घेई. ही घड्याळे आज अस्सल म्हणूनच विकली जातात.

अमेरिकेतला प्रकार तर याहून बोलका. ॲरन डेनिसन आणि एडवर्ड हॉवर्ड यांनी १८५० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या रॉक्सबरीत कारखाना काढला, १८५४ मध्ये तो वॉल्थमला नेला. यंत्रावर एकसारखे भाग काढायचे, म्हणजे एकाचा भाग दुसऱ्याला बसावा, हे त्यांचे स्वप्न. पुढे वॉल्थम, एल्जिन या कंपन्या मशीन बहुधा केसशिवायच विकत. गिऱ्हाईक दुकानात जाऊन मशीन निवडी, मग ऐपतीप्रमाणे सोन्याची, चांदीची किंवा निकेलची केस निवडी आणि दुकानदार दोन्ही जुळवून देई. मशीनवर एक क्रमांक, केसवर दुसराच. आता यातली 'मूळ केस' कोणती म्हणायची? सोन्याचा भाव चढला की केस वितळवली जाई आणि उघडे पडलेले मशीन दुसऱ्या केसमध्ये जाई. जाणकार केसच्या आतल्या कडेवर स्क्रूचे जास्तीचे व्रण शोधतात. व्रण एकाच जागी असतील तर जोडी पहिली समजतात. पण ती पहिली जोडीही कारखान्याने लावलेली नसते, हे विसरले जाते.

कायद्यालाही जोडणीचे वावडे नाही. 'स्विस मेड' हे शब्द कधी छापावेत याचे नियम १९७१ च्या स्विस अध्यादेशात आहेत. त्यात मशीन स्वित्झर्लंडमध्ये जोडलेले असणे ही एक मुख्य अट आहे. सगळे भाग तिथलेच हवेत, असा आग्रह नाही. २०१७ पासून उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के वाटा स्विस असावा, असे ठरले. म्हणजे बाकीच्याला मोकळीक आहेच.

आपल्याकडच्या एचएमटीचे उदाहरण घ्या. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला १९६१ मध्ये घड्याळांचे काम सुरू झाले. पुढे 'जनता' आणि 'पायलट' या दोन्हींत ०२३१ हे सतरा खड्यांचे, चावीचे मशीन आले. त्यामुळे एकाचे मशीन दुसऱ्यात सहज बसते. दुरुस्तीवाल्याला ही सोय, संग्राहकाला डोकेदुखी.

माझी रेघ मी अन्यत्र ओढतो. तीन बंद 'जनतां'मधून एक चालू 'जनता' उभी राहिली, तर ती माझ्या लेखी 'जनता'च. भाग त्याच कारखान्याचे, जोडणारा हात तेवढा वेगळा. मात्र जुनी डायल खरवडून तिच्यावर कारखान्याने कधीच न काढलेला रंग चढवायचा, वर 'पायलट' छापायचे आणि दुर्मीळ म्हणून दुप्पट पैसे मागायचे, हे निराळे. मुंबईतून अशा रंगवलेल्या डायलची घड्याळे जगभर जातात आणि परदेशी संग्राहक आपल्या शहराचे नाव त्यावरूनच घेतात, याचे मला वाईट वाटते. तिथे यंत्र खोटे नसते, खोटा असतो मजकूर. हीच डायल 'नव्याने रंगवलेली' म्हणून स्वस्तात विकली, तर माझी हरकत नाही. पुष्कळांना ती आवडतेही.

एचएमटीचा घड्याळविभाग बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली. नवे भाग आता कारखान्यातून येणार नाहीत. चालत्या 'जनते'ला बॅलन्स लागला, तर तो बहुधा दुसऱ्या एखाद्या बंद घड्याळातून काढावा लागतो, आणि तसे करणारे घड्याळजी ते गिऱ्हाइकाला आधी सांगतात.