लाल गोळी आली कुठून?



चौथा महिना लागला की आशाताई लाल गोळ्यांची पाकिटं हातात ठेवतात. त्यातली कितीतरी पाकिटं फडताळातल्या डब्यात तशीच पडून राहतात, हे आम्ही बचतगटाच्या बैठकांत नेहमी ऐकतो. कुणाला मळमळतं, कुणाला वाटतं फुकटची गोळी काय कामाची, तर कुणी म्हणतं, "आमच्या सासूबाईंनी कुठं घेतली होती?" म्हणून आज या गोळीचाच इतिहास सांगतो. त्यात मुंबईच्या कष्टकरी बायकांचा मोठा वाटा आहे.

या गोळीत दोन गोष्टी असतात, लोह आणि फॉलिक ॲसिड. लोहाची ओळख फार जुनी. अंग पांढरं पडणं, धाप लागणं, याला आपल्याकडे पांडुरोग म्हणत आणि वैद्य त्यावर लोहभस्म, मंडूर देत. फ्रान्समध्ये १८३२ साली ब्लो नावाच्या डॉक्टरांनी फिकट पडलेल्या रुग्णांसाठी लोहाची गोळी पुढे आणली. ती पुढे अनेक वर्षं चालली.

पण काही गरोदर बायका नुसत्या लोहानं बऱ्या होत नव्हत्या. याचं कोडं सुटलं ते मुंबईत. १९२८ साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. परळच्या हाफकिन संस्थेत तिनं काम सुरू केलं. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एक जीवघेणा रक्तक्षय दिसत होता. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी कमी व्हायच्या आणि उरलेल्या नेहमीपेक्षा मोठ्या दिसायच्या. हा जंतूंचा आजार असेल, असंही तेव्हा वाटत होतं. विल्सबाईंनी बायकांच्या रक्ताबरोबर त्यांचं ताटही तपासलं. ज्यांच्या जेवणात भाजी, फळं, दूध, मांस जवळजवळ नव्हतं, अशा गरीब बायकांनाच हा आजार जास्त होता.

मग तिनं आधी उंदरांवर आणि माकडावर आणि नंतर आजारी बायकांवर यीस्टचा अर्क वापरून पाहिला. बिअर बनवताना उरलेल्या यीस्टपासून केलेला, मार्माइट नावाचा तो स्वस्त पदार्थ होता. बायका बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली तिनं हे छापून जाहीर केलं. त्या अर्कात नेमकं काय आहे, ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळं काढलं गेलं. पानाला लॅटिन भाषेत 'फोलियम' म्हणतात, त्यावरून त्याचं नाव पडलं फॉलिक ॲसिड. मुंबईतल्या बायकांना ज्यानं उठवून बसवलं, ते हेच.

पुढे १९७० साली भारत सरकारनं गरोदर बायकांना लोह आणि फॉलिक ॲसिड एकत्र देणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २०१८ मध्ये 'ॲनिमियामुक्त भारत' आला. त्यात आजची मात्रा ठरली : ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, रोज एक गोळी, गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस.

तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत देशातल्या १०० गरोदर बायकांपैकी सुमारे ५० जणींना रक्तक्षय होता. २०१९-२१ च्या पाहणीत त्या ५२ झाल्या. गोळी ५० वर्षं आहे, मग असं का? एक कारण आपल्या चुलीपाशी आहे. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं जेवायचं, डाळीचं पाणी आणि भाकरी, भाजी संपलेली. विल्सबाईंनी जे ताट पाहिलं, ते अजून आपल्या घरांतून गेलेलं नाही.

लोहाची तयारी पोट दिसायच्या आधीपासून लागते. शाळेत, अंगणवाडीत मुलींना आठवड्याला निळी गोळी मिळते, ती त्यासाठीच. गरोदरपणात आईचं रक्त वाढतं, बाळ आपल्या पहिल्या काही महिन्यांची लोहाची शिदोरी आईकडूनच घेतं. आधीच रक्त कमी असेल तर बाळंतपणातला थोडा जास्त रक्तस्रावही जिवावर बेततो. आणि जे रक्त गेलं ते भरून काढायला नंतरचे सहा महिने लागतात. बाळाचं बारसं झालं की गोळ्या बंद, असं करू नका.

मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्या. शौचाला काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गोळीबरोबर चहा नको, लिंबूपाणी किंवा आवळा चालेल. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर उपचार विचारा, ७ च्या खाली असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर तसं डॉक्टरांना आधी सांगा.

आमच्या काही गटांनी हप्त्याच्या वहीत शेवटचं एक पान गोळ्यांसाठी ठेवलं आहे. गटातली गरोदर आणि बाळंतीण मैत्रीण बैठकीला आली की किती गोळ्या झाल्या ते तिथं लिहितो. बाळंतीण आली नाही तर कुणीतरी तिच्या घरी जाऊन विचारून येतं. येत्या बैठकीत तुमच्याही वहीत असं एक पान उघडा.