समुपदेशकाच्या दाराशी उभा असलेला जुना कायदा

समुपदेशकाकडे गेलो तर लोक वेडा म्हणतील, असं वाटतंय ना? या भीतीला इतिहास आहे. १८५८ आणि १९१२च्या ब्रिटिश कायद्यांनुसार मॅजिस्ट्रेटच्या हुकमावरून माणसाला वेड्यांच्या इस्पितळात धाडता येई. १९१२चा कायदा तर १९९३पर्यंत चालला. म्हणून उपचार म्हटलं की घरातल्या मोठ्यांना कोंडून ठेवणंच आठवतं. २०१७च्या कायद्याने मात्र उपचार मिळणं आणि ते गुप्त राहणं, दोन्ही हक्क मानले. आणि समुपदेशन म्हणजे तर बोलणंच. दोन आठवडे झोप नाही, वाचलेलं डोक्यात शिरत नाही, सतत धडधडतंय? मग प्रबंध संपायची वाट पाहू नका. सरकारच्या टेली-मानसचा मोफत नंबर आहे १४४१६. भीती जुनी आहे. निर्णय तुमचा आहे.